समुद्र नाही तिथलं मीठ

जगप्रदक्षिणेचं तिकीट काढायचं ठरलं, त्या रविवारी ऐरोलीच्या घरात जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आम्ही बसलो होतो: मी, हे आणि ठाण्याहून आलेली लेक. बाबा खिडकीपाशी खुर्चीत. वय ब्याऐंशी. त्यांचं लहानपण खाडीकाठच्या मिठागरात गेलं. बांध घालणं, उघाडीतून भरतीचं पाणी आत घेणं, ते वाफ्यावाफ्यांतून खेळवणं, मीठ धरलं की ओढून राशी लावणं, हे सगळं त्यांनी केलेलं. नवी मुंबई उभी राहिली, आगर गेलं, बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात लागले. टाचांच्या भेगा मात्र तेव्हाच्या आहेत, अजून बुजलेल्या नाहीत. लेकीनं विचारलं, "आजोबा, हे दोघं पाच महिने फिरणार. तुमच्यासाठी काय बघून यावं त्यांनी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "समुद्र नाय तिथं मीठ कसं धरतं, ते बघून ये, बाय."

आमच्या प्रवासातले दहा दिवस या एका वाक्यानं ठरवले.

वाळवंट कुठलं तरी हवंच होतं, आणि एकाच देशात न थांबता सीमा ओलांडत जायचं होतं. जॉर्डन ते ओमान हा पट्टा ह्यांना आवडला होता. पण मस्कत मुंबईहून विमानानं तीन तासांच्या आत. तिथे आपण कुठल्याही दिवाळीच्या सुट्टीत जाऊ शकतो. प्रदक्षिणेतले मोलाचे दिवस त्यावर का घालवायचे? दुसरा पर्याय नामिबिया, बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेचा. तिथे गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, पण खडीच्या निर्मनुष्य रस्त्यांवर रोज शेकडो किलोमीटर स्वतः चालवत जायचं, तेही साठीत, हे मला पटलं नाही. तिसरा पर्याय अटाकामाचा: चिलीतून वर चढायचं, बोलिव्हियाच्या पठारावरून जायचं आणि जमलं तर अर्जेंटिनात उतरायचं. तिथे मीठही आहे आणि फ्लेमिंगोही. आमच्या खाडीची ओळख या दोन गोष्टींनीच आहे.

प्रदक्षिणेच्या तिकिटाचे नियम लेकीनं फळ्यावर लिहिल्यासारखे समजावले. प्रवास एकाच दिशेनं, पूर्वेकडे नाहीतर पश्चिमेकडे. अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे. मुदत वर्षाची. आमच्या तिकिटात उड्डाणं जास्तीत जास्त सोळा, आणि मधला टप्पा जमिनीवरून केला तरी तो त्या सोळांत मोजला जातो. हे शेवटचं कळलं आणि सगळा आराखडा बदलला. आधी आम्ही चिलीतल्या सान पेद्रो या वाळवंटातल्या गावाहून निघून तिथेच परत येणार होतो. जमिनीवरचा टप्पा मोजला जाणारच असेल तर तो पुरता वापरावा, म्हणून चिलीतल्या कालामाला उतरायचं आणि अर्जेंटिनातल्या साल्टाहून उडायचं असं ठरवलं. त्यामुळे एकाच रस्त्यानं दोनदा जाणं टळलं आणि तिसरा देश पदरात पडला.

मग उंची. सान पेद्रो साधारण २४०० मीटरवर आहे. तिथून निघालं की तासाभरात गाडी ४४०० च्या वर असते, आणि बोलिव्हियातला पहिला मुक्काम ४३०० च्या आसपास. आपण समुद्रसपाटीची माणसं. त्या उंचीवर एका श्वासातून मिळणारा प्राणवायू आपल्या सवयीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हे रोज पहाटे येऊरचा चढ चढून तयारी करत होते, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: दम वाढेल, पण उंचीचा त्रास होणार की नाही हे त्यावर ठरत नाही, तो धडधाकट तरुणालाही गाठतो. मुख्य उपाय एकच, सावकाश चढायचं. म्हणून सान पेद्रोला चार रात्री ठेवल्या. पर्यटक कंपन्यांच्या पत्रकांत तिथे दोन रात्री असतात. माझं सांगणं आहे, दोनवर राजी होऊ नका.

तारखाही विचारपूर्वक धरल्या. तिथल्या पठारावर पाऊस डिसेंबर ते मार्च पडतो. तेव्हा मिठावर पाणी साचून आरसा होतो, पण रस्ते बंद पडतात. जून ते ऑगस्ट कोरडे, आणि रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीसपर्यंत जातो. म्हणून एप्रिलचा पहिला पंधरवडा. त्यातही काळोखी रात्र हवी होती. लेकीनं भिंतीवरची दिनदर्शिका काढली: ८ एप्रिल, सोमवती अमावास्या. ९ एप्रिल, गुढीपाडवा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाडवा घराबाहेर आजवर केला नव्हता.

बोलिव्हियासाठी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी टोचून घेतली. ते कार्ड जपून ठेवावं, कारण अशा देशांतून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याकडे इथेही ते मागतात. तिन्ही देशांचे व्हिसे घरूनच काढले. विमानतळावर उतरणाऱ्याला लागणारा नियम डोंगरातल्या चौकीवर तसाच लागेल, या भरवशावर राहणं मला जमलं नसतं.

५ एप्रिल, शुक्रवार. कालामा ते सान पेद्रो

आदल्या दिवशी सिडनीहून पॅसिफिक ओलांडून सान्तियागोला उतरलो, तारीख तीच होती. चिलीत बाहेरून येणाऱ्या शेतमालावर कडक नजर असते. बिया, फळं, मध काही चालत नाही, आणि असलेलं न सांगणं हा गुन्हा. अर्जावर "खाद्यपदार्थ आहेत" अशी खूण केली आणि पिशवी उघडून ठेवली. मेतकूट, सुकी चटणी आणि जांभळी नाक्यावरून घेतलेली साखरगाठी वाचली. चिंचेचा गोळा चिंचोक्यांसकट होता, तो ठेवून घेतला. कडुलिंबाची डहाळी आणलीच नव्हती.

कालामाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि ओठ सुकले. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना गवताची काडी नाही. आपण वैराण म्हणतो तेव्हाही डोळ्यांसमोर बाभूळ असते. इथे तीही नाही. संध्याकाळी सान पेद्रोच्या मातीच्या भिंतींमधून सावकाश चाललो आणि लवकर झोपलो.

६ एप्रिल, शनिवार. चंद्रदरी

सकाळ मुद्दाम मोकळी ठेवली. ह्यांचं डोकं जड होतं. पाणी, सूप आणि झोप यावर दुपारपर्यंत उतरलं.

दुपारी चंद्रदरी. मीठ, जिप्सम आणि माती यांचे थर जमिनीच्या रेट्यानं उभे झालेले, वाऱ्यानं कोरलेले. वाटाड्यानं एका घळीत सगळ्यांना गप्प उभं केलं. ऊन उतरत होतं, आणि भिंतींमधून बारीक तडतड ऐकू येऊ लागली. दिवसभर तापून फुगलेलं मीठ गार होताना आक्रसतं, त्याचा तो आवाज. मी फोनवर तो टिपून घेतला.

हा प्रदेश इतका कोरडा का, ते तिथे उभं राहून नीट कळलं. किनाऱ्याशेजारून दक्षिणेकडचा थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा गार आणि जड राहते, वर चढत नाही, धुकं होतं पण पाऊस होत नाही. पूर्वेकडून अमेझॉनचं बाष्प येतं ते अँडीज अडवतो आणि पलीकडेच रितं करतो. आपला सह्याद्रीही ढग अडवतो, पण आपण त्याच्या ओल्या कुशीत राहतो. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे किनाऱ्यावरच्या आरिकात वर्षाची सरासरी एक मिलिमीटरही भरत नाही.

७ एप्रिल, रविवार. सालार आणि रात्र

अटाकामाचं सालार, म्हणजे मिठाचं पठार, पांढरंशुभ्र असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात ते नांगरून टाकलेल्या शेतासारखं आहे: राखाडी, खडबडीत, पायाखाली करकरणारं. चाक्सा तळ्यावर पहाटे पोहोचलो. पाणी पसाभर खोल, त्यात फ्लेमिंगो माना घालून गाळत होते. अँडीजमधला, चिलीतला आणि जेम्सचा, तिन्ही जाती इथे असतात. आमच्या खाडीत येतो तो धाकटा आणि थोरला. पण मान उलटी करून, चोच पाण्यात धरून चालण्याची ती ढब तीच. ऐरोलीहून भरतीच्या वेळी सुटणाऱ्या होडीत मी तीन वेळा बसले आहे. डोळे मिटून ते गुरगुरणं ऐकलं तर मी दिवागावात आहे असंच कुणी म्हणेल.

इथला वाटाडा जवळच्याच गावचा. त्यानं दक्षिणेकडे हात केला: तिकडे लिथियमचे तलाव. मिठाच्या थराखाली खारं पाणी असतं. ते पंपानं वर काढतात, मोठमोठ्या उथळ तलावांत सोडतात, आणि ऊन-वारा वर्षभर, कधी दीड वर्ष, त्यातलं पाणी उडवत राहतो. एका तलावातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. आधी साधं मीठ तळाशी बसतं, मग बाकीचे क्षार, शेवटी दाट पिवळसर द्राव उरतो. आपल्या फोनच्या आणि विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठीचं लिथियम त्यातून निघतं. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे आगरच आहे. फरक इतकाच, की भरतीचं पाणी उद्या परत येतं, आणि हे खालचं पाणी वर काढलं की गेलं. तळी त्याच पाण्याशी जोडलेली, पक्षी त्या तळ्यांवर जगणारे. वाटाडा रागानं बोलत नव्हता. त्याच्या आईच्या गावात विहिरीची पातळी खाली गेली आहे, एवढंच तो सांगत होता. मी घरी सौरदिवे लावले आहेत, विजेवरची रिक्षा आवडीनं पकडते. त्या दिवसापासून बॅटरी हा शब्द उच्चारताना मला ते तळं दिसतं.

रात्री गावाबाहेर आकाश पाहायला गेलो. दिवे विझले आणि पहिली काही मिनिटं मला भीती वाटली, इतके तारे. पश्चिमेला मृग उलटा, डोकं खाली. त्रिशंकू आपल्याकडे उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजाला टेकून दिसतो, तो इथे चांगला वर आलेला. मॅगेलनचे दोन ढग, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, ठाण्याहून कधीच दिसत नाहीत. इथे ते उजेडाच्या दोन पुसट डागांसारखे होते. इथल्या लोकांनी ताऱ्यांमधल्या काळ्या जागांचीही चित्रं पाहिली. आकाशगंगेतल्या धुळीच्या काळ्या पट्ट्यात त्यांची लामा आहे, आणि तिचे दोन डोळे म्हणजे आपले मित्र आणि मित्रक. हे ऐकून ह्यांनी माझा हात धरला. हे शाळेत असताना ते तारे ओळखायला आपल्या आजीकडून शिकले होते.

पूर्वेच्या डोंगरांपलीकडे, पाच हजार मीटरवरच्या चाखनान्तोर पठारावर 'आल्मा' ही दुर्बीण आहे: ६६ अँटेना, उद्घाटन २०१३ मध्ये. नारायणगावजवळच्या खोडदला आपलीही ३० अँटेनांची, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची महाकाय दुर्बीण आहे. पण खोडदची लांब रेडिओ लहरी ऐकते, त्यांना हवेतल्या बाष्पाचं फारसं काही वाटत नाही. आल्मा मिलिमीटरभर लांबीच्या लहरी टिपते, त्या बाष्पात विरून जातात. म्हणून ती इतक्या कोरड्या, इतक्या उंच जागी नेऊन ठेवली.

८ एप्रिल, सोमवार. एल तातिओ

पहाटे साडेचारला निघून ४३०० मीटरवरच्या गरम पाण्याच्या कारंज्यांपाशी. ऐंशीहून अधिक कारंजी. दक्षिण गोलार्धात एवढं मोठं क्षेत्र दुसरं नाही. उजाडताना हवा इतकी गार असते की वाफेचे खांब सरळ उभे राहतात. ऊन आलं की विरतात, म्हणून ही पहाटेची धावपळ. या उंचीवर पाणी ८६ अंशांनाच उकळतं. भात शिजत नाही, चहा फिका होतो. मी मात्र तिथे मुख्यतः स्वतःकडे लक्ष देऊन होते: छाती, डोकं, पाय. दोघंही ठीक होतो. तिथे दोन-अडीच तास काढून खाली उतरलो. झोपायच्या जागेपेक्षा उंच जायचं आणि झोपायला परत खाली यायचं, हीच तर तयारी होती. उद्या सीमा ओलांडायची ती त्याच भरवशावर.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

इतो काखोन ही दोन्ही देशांच्या चौक्यांची जागा ४४८० मीटरवर. इकडून शिक्का, थोडं पुढे जाऊन तिकडून शिक्का. तिथे वाहन बदललं. चालक-वाटाड्या बोलिव्हियाचा, सोबत एक वयस्क जोडपं आणि दोन मुली.

इथून पुढचा सारा मुलूख एदुआर्दो आबारोआ यांच्या नावाच्या अभयारण्यात येतो. कालामाला उतरताना ते शहर एके काळी बोलिव्हियाचं होतं याची मला जाणीवही नव्हती. तिथून खाली समुद्रापर्यंतचा मुलूख आणि किनाराही बोलिव्हियाचाच होता. त्या वाळवंटात सोरा सापडला, खतासाठी आणि दारूगोळ्यासाठी त्याला जगभर मागणी. त्यावरच्या दहा सेंटावोंच्या करावरून तंटा पेटला आणि १८७९ मध्ये चिलीशी युद्ध झालं. २३ मार्चला कालामाच्या नदीपुलावर लढताना आबारोआ पडले. ते सैनिक नव्हते, साधे नागरिक होते. बोलिव्हियाचा समुद्र गेला तो गेलाच. १९०४ च्या तहानं त्यावर शिक्कामोर्तब झालं. आजही २३ मार्चला तिथे समुद्रदिन पाळतात, आणि समुद्र नसलेल्या या देशाला नौदल आहे. वाटाड्या हे सांगत असताना मी वडाळ्याच्या आणि शिरोड्याच्या १९३० च्या सत्याग्रहांचा विचार करत होते. जमिनीवर पांढरं फुललेलं काही दिसलं की त्यावर कर बसवणारा कुणीतरी येतोच.

हिरव्या तळ्यापाशी साडेनऊ वाजता गाडी थांबली. मागे ५९१६ मीटर उंचीचा लिकान्काबुर, आखीव शंकूसारखा. पाण्यात आर्सेनिक आणि तांब्याचे क्षार, म्हणून त्यात एकही पक्षी नाही. मी पिशवी काढली. ह्यांची चालण्याची काठी, त्यावर खणाचा तुकडा, साखरगाठी, आणि वर आमचा प्रवासातला स्टीलचा पेला. दोन दगडांच्या आधारानं गुढी उभी केली. वारा असा होता की काठी धरूनच ठेवावी लागली. कडुलिंब नाही, आंब्याचा डहाळा नाही. हळदकुंकू लावलं. घरी तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले, कौपीनेश्वरापासूनची शोभायात्रा सकाळीच होऊन गेलेली, लेकीनं आमच्या दारातली गुढी उतरवलीही असेल. वाटाड्यानं हे काय म्हणून विचारलं. सोबतच्या मुलींपैकी एकीनं त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं, "आज त्यांचं वर्ष सुरू झालं." त्यानं टोपी काढली, खिशातून कोकाची तीन पानं घेऊन डोंगराकडे तोंड करून फुंकर घातली आणि ती गुढीपायी मातीत खोचली. डोंगराला आणि धरणीमातेला द्यायची त्यांची रीत ती. गाठीचा तुकडा त्यालाही दिला.

पुढे ४८०० च्या वर उकळत्या चिखलाची डबकी, गंधकाचा वास, आणि त्याआधी ऊन पाण्याचं कुंड. ते सगळं झालं. दुपार उतरताना तांबडं तळं आलं, लागुना कोलोरादा. साठेक चौरस किलोमीटर, बहुतेक जागी कमरेइतकंही खोल नाही, रंग विटेचा. शेवाळामुळे आणि गाळामुळे तो रंग, आणि मधे टाकणखाराची पांढरी बेटं. त्यावर हजारो फ्लेमिंगो. जेम्सचा फ्लेमिंगो जगातून संपला असं पक्षीशास्त्रज्ञ धरून चालले होते. १९५० च्या दशकात तो याच तळ्यावर पुन्हा सापडला. हे तळं १९९० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. आमची ठाणे खाडी २०२२ मध्ये. मी काठावर बसून राहिले, हाका मारल्या तरी उठवेना.

रात्र कठीण गेली. एका खोलीत सहा खाटा, तीन-तीन घोंगड्या, आणि झोप लागली की श्वास अडकल्यासारखा होऊन जाग येई. हे उठून बसत, मी उठून बसे. डॉक्टरांनी दिलेली गोळी दोघांनीही घेतली होती. सान पेद्रोच्या चार रात्री मागे नसत्या तर त्या खोलीत आमचं काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते.

१० एप्रिल, बुधवार

सिलोली वाळवंटातलं दगडी झाड, वाळूच्या फटकाऱ्यांनी बुंध्याशी झिजलेलं. आणखी तीन तळी, आणखी फ्लेमिंगो. ओयागुएच्या ज्वालामुखीतून बारीक धूर. संध्याकाळी मिठाच्या विटांनी बांधलेल्या घरात मुक्काम. मी भिंतीला जीभ लावून पाहिली.

११ एप्रिल, गुरुवार. उयुनी

काळोखातच सालारवर शिरलो. उजाडलं तेव्हा चारी बाजूंना पांढरं. १०,५८२ चौरस किलोमीटर: आजच्या ठाणे जिल्ह्यासारखे अडीच जिल्हे आत मावतील. आणि इतकं सपाट, की त्या सगळ्या विस्तारात उंचीचा फरक मीटरभराच्या आत; उपग्रहांवरची उंची मोजणारी उपकरणं याच्याशी ताडून पाहतात. पूर्वी इथे विशाल तळी होती. ती आटली, डोंगरांनी वेढल्यामुळे पाण्याला समुद्राकडे वाट नव्हती, नद्यांनी हजारो वर्षं आणलेले क्षार इथेच राहिले. बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

पाऊस नुकताच संपलेला, तरी मधल्या भागात मीठ घट्ट झालं होतं आणि त्यावर षटकोनी रेघा उठल्या होत्या. इन्काउआसी बेटावर जाता आलं. वर्षाला सेंटिमीटरभर वाढणारे निवडुंग तिथे दोन-दोन पुरुष उंच आहेत, आणि खडकाला प्रवाळासारखी जाळी, आटलेल्या तळ्याची खूण. लेकीला फोटो पाठवायचे म्हणून आम्ही बरेच काढले. मीठ मात्र मला काठावरच्या कोल्चानी गावाच्या बाजूला भेटलं.

तिथे माणसं मीठ खरवडून त्याचे छोटे शंकू करून ठेवतात, निथळण्यासाठी. गुडघ्याएवढी रास, मग पुढची, मग पुढची, सरळ ओळीत. भांडुपच्या पुलावरून गाडी जाताना लहानपणी दिसायची तशीच ओळ. गावात एका घरात ते मीठ भट्टीवर वाळवून, दळून, आयोडीन मिसळून पुड्यांत भरतात. पुडीचं तोंड मेणबत्तीसारख्या ज्योतीवर धरून बंद करणारी बाई माझ्याच वयाची होती. तिनं भराभर सात-आठ पुड्या केल्या आणि मग मला एक करून पाहायला दिली. माझी वाकडी झाली. तीच मी विकत घेतली.

१२ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर बस. उयुनीहून तुपिसा, तुपिसाहून वियासोन, तिथून पूल चालत ओलांडून अर्जेंटिनातलं ला कियाका. या टप्प्यात रोख रकमेची सोय आधी करून ठेवा, कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा. घडी पडलेली एक नोट आमच्याकडून कुणीही घेतली नाही.

१३ एप्रिल, शनिवार. सालिनास ग्रान्देस

पहाटे ला कियाकाहून निघून उमाउआकाच्या दरीतून उतरत पुर्मामार्काला आलो. वाटेत मकरवृत्ताची खूण, गावामागे सात रंगांचा डोंगर. तिथून लिपानचा घाट. वळणं इतकी की आपला माळशेज सोपा वाटावा. ४१७० मीटरवरची खिंड ओलांडून पलीकडे उतरलं की पुन्हा पांढरं मैदान. उयुनीच्या मानानं लहान. तिथल्याच गावातली एक मुलगी आम्हाला आत घेऊन गेली. या लोकांनी रस्त्यालगतच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, पाणी हवं, लिथियम नको.

आणि मग मी थबकले. समोर मिठाच्या कवचात कापलेले लांबट चौकोन, एकाशेजारी एक, काठ सरळ, आत निळंहिरवं पाणी. वाफे. बाबांचे वाफे, फक्त मातीच्या बांधाऐवजी मिठाचेच काठ. मुलीनं सांगितलं: कवच फोडून खड्डा करतात, खालचं खारं पाणी आपोआप वर चढून भरतं, महिनोन्‌महिने उन्हात उडतं, तळाशी दाणेदार मीठ बसतं, ते फावड्यानं काढतात. दोन माणसं काम करत होती. मी विचारून त्यांचं चित्रण घेतलं.

दुपारी पुर्मामार्काला परतल्यावर घरी फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. लेकीनं आधीच पाठवलेलं चित्रण आजोबांना मोठ्या पडद्यावर लावून दिलं होतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पानी खालून येतं?"

"हो बाबा."

"म्हंजे उघाडी नको. भरतीची वाट बघायला नको." पुन्हा शांतता. "दाना मोठा हाय. सावकाश धरलेलं दिसतंय. आपल्याकडं वारा जोराचा सुटला की असा दाना पडत नाय." मग एकदम, "बाय, पायात काय घालतात ती मानसं?"

मी ते पाहिलंच नव्हतं. लेकीनं चित्रण मागे नेलं, थांबवलं. फावड्यापाशी, पाण्यात, गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट.

"बरं हाय," बाबा म्हणाले. "तेवढंच बघायचं होतं."